निळूभाऊ म्हणजे फक्त वाडा नव्हे

गेले आठ-दहा दिवस एक मेसेज फिरतोय. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर तीनदा आला, मावशीने पाठवला, ऑफिसातल्या पोराने पाठवला. मजकूर थोडक्यात असा, की निळू फुले म्हणजे जन्मभर एकच रोल करणारा माणूस, 'बाई वाड्यावर या' एवढंच त्याचं भांडवल, चेहराच तसा होता म्हणून अभिनय करायची गरजच पडली नाही, ना शिक्षण ना तालीम, माळीकाम करता करता नशिबाने सिनेमात आला, हिंदीत कोणी विचारलं नाही. आणि शेवटची ओळ, की खऱ्या आयुष्यातही माणूस तसाच असणार, उगाच बायका त्याला बघून बोटं मोडत नव्हत्या. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मला राग आला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय, लांब झालं तर होऊ दे.

आधी ते वाड्याचं वाक्य. ते कुठल्या सिनेमातलं, प्रसंग कुठला, समोर बाई कोण, असं मी मेसेज पाठवणाऱ्या तिघांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. मिमिक्रीवाल्यांनी आणि गॅदरिंगच्या पोरांनी ते घासून घासून इतकं गुळगुळीत केलंय की लोकांना आता नक्कलच आठवते, माणूस आठवत नाही. आणि नक्कल करणारा करतो काय, आवाज घोगरा, डोळे बारीक, मान वाकडी, आणि मग ओरडतो. निळूभाऊंची दहशत ओरडण्यात नव्हतीच. त्यांचा आवाज खाली जायचा, शब्द सावकाश यायचे, आणि शब्द यायच्या आधी ते समोरच्याकडे नुसतं बघत राहायचे, ते बघणंच अंगावर यायचं.

हे मला समजलं ते आमच्या गावच्या काल्याच्या नाटकात. मी बावीस वर्षं जत्रेच्या नाटकांतून काम करतोय, त्यातली निम्मी खलनायकाची. पहिल्यांदा पाटील मिळाला तेव्हा तालमीत मी छाती काढून गर्जना करत होतो. दिग्दर्शक होते गावच्याच शाळेचे रिटायर मास्तर. त्यांनी तालीम थांबवली आणि म्हणाले, "बाबा, पाटलाला ओरडायची गरज नसते रे, ओरडायला त्याने चार माणसं ठेवलेली असतात. निळूभाऊंचं बघ जरा." मग त्यांनी माझ्या हातात अडकित्ता दिला. वाक्य म्हणायच्या आधी सुपारी कातरायची, पूर्ण कातरून होईपर्यंत बोलायचं नाही, समोरची पोरगी उभीच. पालखी होऊन रात्री साडेबाराला नाटक सुरू झालं, मी सुपारी कातरायला घेतली आणि चटईवर पुढे बसलेल्या बायकांची कुजबुज एकदम बंद पडली, अडकित्त्याचा कट् कट् आवाज माइकमधून मंडपभर ऐकू येत होता. वाक्य अजून म्हणायचंच होतं! चेहरा तसा होता म्हणणाऱ्यांनी एकदा असं उभं राहून बघावं. चेहरा माझाही काही गोंडस नाही, पण ती शांतता धरायला मला पाच वर्षं लागली आणि निळूभाऊंइतकी ती मला आजही धरता येत नाही.

आता 'एकच रोल'. सामना घ्या. जब्बार पटेलांचा सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातले हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखाना, सगळा तालुका खिशात, सत्ता अशी की कोणाला दुखवायचीही गरज पडत नाही. गावात आलेल्या दारुड्या मास्तरला, म्हणजे श्रीराम लागूंना, ते आपल्याकडे ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात, आणि तोच मास्तर एक प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? ह्या प्रश्नाने हिंदुराव आतून कसे पोखरत जातात ते निळूभाऊंनी इंचाइंचाने दाखवलंय. सुरुवातीला मास्तरबद्दल गंमत वाटते, मग त्रास, मग भीती, आणि त्यातच त्याच्याबद्दल एक विचित्र ओढ पण. हा काय बलात्कारी पाटलाचा साचा आहे? त्यांच्या पाटलां-पाटलांतसुद्धा फरक आहे हो, नीट बघितलं तर.

आणि त्याच जब्बार पटेलांच्या 1979 च्या सिंहासनमध्ये हाच माणूस दिगू टिपणीस आहे, पत्रकार. वाडा नाही, सत्ता नाही, खांद्याला शबनम पिशवी टाकून मंत्र्यांच्या दारांतून हिंडणारा, सगळं दिसणारा आणि काहीच करता न येणारा माणूस. ज्या डोळ्यांनी हिंदुराव दरारा निर्माण करतात त्याच डोळ्यांत इथे नुसता थकवा आहे. शेवटी दिगू हसत सुटतो, वेड लागल्यासारखा, तो शेवट मी कितीदा पाहिला असेन, दरवेळी पोटात खड्डा पडतो. एक रोल म्हणे.

रंगभूमीचं तर मेसेजवाल्याला माहीतच नसणार. तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर, 1972, दिग्दर्शक कमलाकर सारंग, त्यातला पहिला सखाराम निळूभाऊ. टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, मारणारा, शिव्या देणारा, आणि स्वतःला कधी सज्जन न म्हणवणारा, रात्री मृदंग घेऊन बसणारा माणूस. सेन्सॉरने नाटक अडवलं, सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले, तो इतिहास वेगळाच लिहावा लागेल. त्यात सखारामच्या घरी येणारी चंपा होत्या ललन सारंग, माहेरच्या पैंगणकर, आडनावातच आमचं काणकोणचं पैंगीण, म्हणून आम्हा गोंयकारांना त्या नाटकाबद्दल थोडं जास्तच वाटतं. असला सखाराम ज्याने उभा केला त्याला 'चेहऱ्यावर चालला' म्हणणं म्हणजे कमाल आहे.

नशिबाने आला, हा पुढचा आरोप. माळीकाम केलं हे खरं आहे, पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी होते. त्यात लाज कसली? मेसेजमध्ये ते टोमण्यासारखं लिहिलंय हेच मला जास्त लागलं. आमच्याकडे जत्रेत राजा होणारा माणूस सकाळी बागायतीत पाणी लावत असतो आणि संध्याकाळी मुकुट घालतो, कोणी हसत नाही. आणि तालीम नाही कसं म्हणता? ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले, गावोगाव हिंडून, मिळेल त्या ओट्यावर लोकनाट्य करत करत. तमाशाप्रधान लोकनाट्यात हजरजबाबीपणा लागतो, समोरचा प्रेक्षक काय बोलेल त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, त्याच्यासारखी शाळा नाही. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' ह्या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं, मग 1968 ला अनंत मान्यांच्या एक गाव बारा भानगडीमधून सिनेमा. म्हणजे आधी कित्येक वर्षं घासली, मग नशीब. पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार पण मिळाला, तो काय चेहऱ्याला देतात?

हिंदीचं पटकन सांगतो. कुली 1983, मशाल आणि सारांश 1984. सारांशमधला गजानन चित्रे आठवा, मुंबईतला पुढारी, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात जाऊन त्यांचं जगणं नकोसं करणारा. हिंदीत ते फार रमले नाहीत, ठीक आहे, पण कोणी विचारलं नाही हे साफ खोटं.

आता ती शेवटची ओळ, ज्याच्यासाठी मी एवढं टाइप करतोय. बायका बोटं मोडायच्या हे खरंच आहे, आमच्या घरात पण मोडायच्या, टीव्हीवर मराठी सिनेमा लागला आणि निळूभाऊ आले की आजी "मेलो आयलो" म्हणून तोंड फिरवायची. पण ही त्यांच्या कामाला मिळालेली पावती आहे, तिचा चारित्र्याचा दाखला कसा काय करता? हा माणूस आयुष्यभर समाजवादी चळवळीत होता, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात नरेंद्र दाभोलकरांच्या बरोबर उभा राहिला, आणि लागूंसकट कितीतरी कलावंतांना घेऊन 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग गावोगाव केले ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला थोडे पैसे मिळावेत म्हणून. नाव झालेली माणसं स्वतःसाठी सुपाऱ्या घेतात, ह्यांनी दुसऱ्यांची चूल पेटावी म्हणून दौरे काढले. मला वाटतं त्यांना पाटील एवढा कळला तो ह्याचमुळे, ज्या सत्तेविरुद्ध सेवा दलात गाणी म्हटली तिची चाल, बसण्याची ढब, नोकराला हाक मारायची तऱ्हा त्यांनी जवळून निरखली होती, आणि पडद्यावर तिला जरासुद्धा माफ केलं नाही.

13 जुलै 2009 ला पुण्यात ते गेले. आता उत्तर द्यायला ते नाहीत, म्हणून कोणीही काहीही लिहावं का?

मावशीला मी फोनवर भांडलो नाही. रविवारी तिच्याकडे कवळ्याला गेलो, लॅपटॉप घेऊन, आणि सिंहासन लावला. पाऊस होता, दोनदा लाइट गेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर बघितला. अर्ध्यापर्यंत ती विचारत होती, "तुझे निळू फुले कधी येणार?" मी म्हटलं, "ते काय, शबनमवाले." तिने चष्मा पुसला, स्क्रीनजवळ सरकली आणि मग शेवटपर्यंत एक अक्षर बोलली नाही. रात्री तिने तो मेसेज ग्रुपवरून डिलीट केला आणि मला विचारलं, "तो मास्तरचा पण आहे ना रे एक? पुढच्या रविवारी आण."