चित्रं टाकून निघून जाणाऱ्यांनो

आज दादरला एक ओळखीचा मुलगा भेटला. हात फार चांगला आहे त्याचा. म्हणाला, "कारावरचं, त्या चित्रकारांच्या ॲपवरचं, अकाउंट उडवलं. मेलेलं ॲप आहे ते, काळं कुत्रंही फिरकत नाही." मी विचारलं, तू कुणाच्या चित्राखाली काही लिहिलंस का? तर म्हणे, "त्याला वेळ कुठे आहे?"

घरी आले तरी डोकं शांत होत नाहीये.

अरे, २०२४च्या जूनमध्ये आपण तिथे का गेलो होतो? इन्स्टाग्रामवरची आपली चित्रं मेटा एआयला शिकवायला वापरणार म्हणून पेटलो होतो ना? आठवड्याभरात तिथले ४० हजार लोक साडेसहा लाखांच्या घरात गेले. आणि केलं काय? जुनी चित्रं एका दमात ओतली आणि पसार झालो. चाळीत नवीन बिऱ्हाड आलं आणि दार लावून बसलं तर कोण हाक मारेल त्यांना?

तिथे डोंबिवलीची एक ताई आहे. सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, साध्या बॉलपेनने बायका काढते. मी तिला एवढंच विचारलं होतं की हलत्या गाडीत रेघ अशी कशी येते. तिने सविस्तर लिहिलं: गाडी सिग्नलला थांबली की चेहरे, धावायला लागली की पदर आणि पिशव्या. ते वाचून लिस्बनच्या एकाने ट्राममध्ये काढलेली आपली पानं दाखवली. मग आणखी कोणी बसमधली. बघता बघता प्रवासात चित्रं काढणाऱ्यांचा घोळकाच जमला.

आणि हे रील शिकवणारे सांगतात, पहिल्या तीन सेकंदांत माणूस पकडा! माणसं पकडायची असतात का? मास्टोडॉन हे दुसरं असंच सोशल नेटवर्क घ्या, तिथे तर होम फीडमध्ये तुमची पोस्ट पुढे ढकलणारा अल्गोरिदमच नाही. पोस्टी वेळेच्या क्रमाने येतात. हॅशटॅग लावा, दुसऱ्याचं आवडलं तर बूस्ट करा, म्हणजे आपल्या लोकांना पुढे पाठवा, तरच ते चार लोकांपर्यंत जातं. हे काम माणसांनीच करायचं असतं.

पैसा इन्स्टावरच आहे, मान्य. माझीही कामं तिथूनच येतात. छोटी ॲप्स बंद पडतात हेही खरं, कलाकारांचं एलो २०२३मध्ये गेलंच. पण ऑर्कुट काय छोटं होतं? तेही बंद पडलंच.

मध्ये ताई बरेच दिवस दिसली नाही. आईचं आजारपण होतं. चार-पाच जणांनी आपणहून विचारपूस केली, त्यात तो लिस्बनवालाही होता. माझ्या इन्स्टाच्या हजारो फॉलोअर्सपैकी कोण विचारेल मला?

त्या मुलावर आता तितका राग नाही. दिवसभर नोकरी, रात्री फ्रीलान्स, वर विरारचा प्रवास. दमतो तो. पण त्याच प्रवासात दहा मिनिटं दुसऱ्याचं चित्र नीट बघता येतं रे. ताईच्या पानाची लिंक पाठवली आहे त्याला. लाईक नको, एक प्रश्न विचार, असं लिहिलंय.

तुमच्यापैकी जे कारावर किंवा मास्टोडॉनवर आहेत त्यांनी खाली आपलं तिथलं नाव टाका. रविवारी सगळ्यांची पानं बघणार आहे. नुसतं "सुंदर" लिहून जाणार नाही.