पात्रता म्हणजे सर्जरीची जागा नव्हे

चार दिवस झाले, खानापूर-निपाणीपासून बेळगावपर्यंत सगळ्या ग्रुपवर एकच मजकूर फिरतोय: 'नीट पीजीत आता शून्य पर्सेंटाइलवालाही सर्जन होणार. हुशार मुलं सर्जरीकडं बघतही नाहीत. पैसे भरा, जागा घ्या. आणि आपल्या सीमाभागातल्या मराठी पोरांना ना इकडं थारा, ना तिकडं.'

माझ्या मावसबहिणीला तो तिच्या बाबांनीच पाठवला. वर विचारलं, "मग एवढं काय वाचत बसलीस?" ती नीट पीजीला, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी-एमएसला प्रवेश देणाऱ्या परीक्षेला, दुसऱ्यांदा बसतेय. मी स्वतः जनरल सर्जरीत एमएस केलंय, म्हणून लिहिते.

'शून्य पर्सेंटाइल.' 2023 साली पात्रता शून्यावर आणली होती, म्हणजे परीक्षा दिलेला कुणीही पात्र, हे खरं. पण कधी? समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, दोन फेऱ्या होऊनही जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा. अशा उरणाऱ्या जागा बहुतेक अ‍ॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्री, फार्माकॉलॉजी अशा, पेशंट न तपासायच्या विषयांच्या असतात. पात्रता मिळाली की रांगेत उभं राहता येतं, एवढंच. जागा रँकप्रमाणेच मिळते, आणि रांगेत दोन लाखांहून जास्त डॉक्टर असतात. सरकारी कॉलेजातली सर्जरी रांगेच्या शेपटापर्यंत पोचत नाही. 200 प्रश्न, 800 गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. चार-पाच प्रश्न इकडचे तिकडे झाले तरी रँक हजारांनी घसरतो.

'हुशार मुलं बघत नाहीत.' अगदी वरचे रँक रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग उचलतात, हे मान्य. तीन वर्षांच्या रात्रपाळ्या सगळ्यांना नको असतात. पण त्यांच्या मागोमाग सर्जरी, ऑर्थो भरतातच. शिवाय एमएस झालं म्हणजे संपलं नाही. युरोलॉजी, प्लास्टिक सर्जरी हवी तर एमसीएच या पुढच्या पदवीसाठी नीट एसएस ही आणखी एक परीक्षा, आणि तिथं समोर सगळे एमएस झालेलेच. हृदयशस्त्रक्रियेच्या जागा मात्र खरंच रिकाम्या राहतात. बस्तान बसायला फार वर्षं जातात, म्हणून मुलं कचरतात. याची काळजी करायला हवी, खिल्ली नव्हे.

'पैसे भरा.' मॅनेजमेंट आणि एनआरआय कोट्यात पैशानं फरक पडतो, नाकारणार नाही. तिथंही नीटचा रँक लागतोच. आणि वर्षाची लाखोंची फी आपल्यातल्या किती घरांना परवडते?

'ना इकडं, ना तिकडं.' या वाक्यानं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते ऐकून पोरं अर्ज करायच्या आधीच हरतात. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या पीजी जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. तिथं येळ्ळूरची की लखनौची, कुणी विचारत नाही. डीम्ड (अभिमत) विद्यापीठांच्या जागाही केंद्राच्याच समुपदेशनातून भरतात. राज्याच्या कोट्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 29 जानेवारी 2025 ला सांगितलं, की पीजी वैद्यकीय प्रवेशात रहिवासावरचं आरक्षण घटनेत बसत नाही. त्याच संस्थेतून एमबीबीएस केलेल्यांना मर्यादित प्राधान्य देता येतं. आणि वॉर्डात आपली पोरं उलट पुढं असतात. खानापूरच्या आजीला मराठीत आणि बैलहोंगलच्या आजोबांना कन्नडात पोटाचं दुखणं विचारता येतं, तेव्हा रात्री दोन वाजता दुभाष्या शोधावा लागत नाही.

बहिणीच्या खोलीत खिडकीच्या गजाला काळा दोरा बांधलेला आहे. वाचून कंटाळा आला की ती डाव्या हातानं टाक्यांच्या गाठी मारायचा सराव करत बसते. शेजारच्या वहीत तिनं कॉलेजांची पसंतीयादी काढलीय. पहिल्या अकरा ओळींत विषय एकच, जनरल सर्जरी. काकांनी ती वही अजून उघडून बघितलेली नाही.