फळीचं औषध

एका फळीपायी गेल्या आठवड्यात भर मेडिकलमध्ये माझी अब्रू गेली.

फळी म्हणजे भाचीनं पुण्याहून पाठवलेला, हातानं घडवलेला लाकडी सर्व्हिंग बोर्ड. त्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी मांडली की पाहुणे आधी फोटो काढतात, मग ताट मागतात. सोलापूरचा पारा ४० च्या वर गेला, लाकूड रुंदीत आकसलं आणि फळीला चीर गेली. बायकोनं शेंगतेल चोळलं. काही दिवसांत असा खवट वास सुटला की त्यावर चटणी वाढायची सोय राहिली नाही. भाची फोनवर ओरडली, "मामा, ते तेल लाकडात खवट होतं! मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा, ते तेल खवट होत नाही."

संध्याकाळची गर्दी. काउंटरवरच्या पोरानं बाटली उंच धरली. "पोट साफ होत नाही का, काका?"

मी तोंड उघडेपर्यंत मागून टोपीवाले आजोबा सरसावले. "कवापासून त्रास?"

मला वाटलं, म्हातारा लाकडातला जाणकार. म्हटलं, "पाडव्यापासून. कोरडं पडलंय. मधोमध चीर गेलीय."

"चीर!" रांग एक पाऊल मागे सरली. "उन्हाळ्यात असंच हुतंय. पाणी कमी पडतंय."

"छे, पाण्यात बुडवायचंच नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि उभं करून वाळवायचं."

आजोबांनी चष्मा काढला. "उभं करून?"

"भिंतीला टेकवून. वाऱ्यावर."

"आन् हे औषध कसं घ्यायचं?"

"रात्री दोन चमचे, दोन्ही बाजूंनी चोळायचं. एकाच बाजूनं लावलं तर वाकतं. सकाळी उरलेलं पुसून काढायचं."

"कोण म्हणलं असं?"

"भाची."

मागच्या बाईंनी पोराला पदराआड घेतलं. आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लाजू नका. माझ्या थोरल्या भावाला हेच झालतं. परातीत कोमट पाणी घ्या आन् बसा निवांत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी "फळी! फळी!" म्हणून ओरडलो, पण तोवर पोरानं मूळव्याधीचं मलम पिशवीत टाकलं होतं. त्याचेही पैसे घेतले.

आजीच्या काठवटीनं जन्मभर ज्वारीचं पीठ मळून घेतलं, तिला कुणी मेडिकलमध्ये नेलं नाही. आणि ही बया! नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हिला पाण्यात ठेवायचं नाही, एवढाच काय तो तिचा उपकार. पण खरा राग मला त्या पोराचा आहे. निरोधचं पाकीट तो न बोलता कागदात गुंडाळून देतो. मग पोटाची बाटली काय झेंड्यासारखी फडकवायची? माणसानं आपलं दुखणं हळू आवाजात सांगावं एवढी तरी जागा काउंटरवर नको? खरंच कुणाला त्रास असेल तर तो त्या गर्दीत बोलणार कसा?

असो. तेल लावलं. फळी तुकतुकीत झाली, चीर आहे तिथंच आहे.

काल सकाळी सिद्धेश्वर तळ्याकाठी फिरताना आजोबा दिसले. दहा हातांवरूनच हाक आली, "का ओ, चीर भरली का?"

"नाही," मी तितक्याच मोठ्यानं म्हणालो. "पण चमकतंय छान!"