बक्षिसाचा वाद आणि तलावाकाठची नोकरी

पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलेल्या स्वप्नील कुसाळेच्या वडिलांनी ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली. महाराष्ट्राच्या नव्या धोरणात ऑलिंपिक कांस्याला दोन कोटी, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार हरियाणा मात्र आपल्या खेळाडूंना पाच कोटी देतं, हे कसं, असा त्यांचा सवाल होता. मी मूळची कोल्हापूरची. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मग कित्येक दिवस दुसरा विषयच नव्हता. बापाचं चुकलं कुठे, असं निम्म्यांचं मत. देशासाठी खेळणाऱ्याच्या घरच्यांनी पैशाची भाषा करू नये, असं उरलेल्यांचं. मला वडिलांचं म्हणणं पटलं होतं. पण त्या सगळ्या गदारोळात दीपाली देशपांडे हे नाव एकानेही काढलं नाही. स्वतः 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या आणि स्वप्नीलला घडवणाऱ्या या बाईंना पुढे जानेवारी 2025 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला, तेव्हाही ग्रुपवर चार अंगठे उमटले आणि विषय संपला.

पदक आल्यावर किती द्यायचं, यावर आपण हिरीरीने भांडतो. पदकाच्या आधीची पंधरा-वीस वर्षं मैदानात किंवा तलावाकाठी उभं राहणाऱ्या माणसाचं पोट कशावर चालतं, हे कुणी विचारत नाही. मी राहते त्या कॅलिफोर्नियात नेमक्या याच प्रश्नाला बऱ्यापैकी उत्तर सापडलेलं दिसतं, म्हणून लिहावंसं वाटलं.

वॉटर पोलो म्हणजे खोल पाण्यात तरंगत, चेंडूने गोल करत खेळायचा सांघिक खेळ. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या महिला वॉटर पोलो संघाचे प्रशिक्षक जॉन टॅनर यांची कारकीर्द बघा. 1998 च्या हंगामात संघ त्यांच्याकडे आला. महिला वॉटर पोलोची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा 2001 मध्ये सुरू झाली, आणि 2025 पर्यंत त्यांच्या संघाने तिचं विजेतेपद दहा वेळा पटकावलं. ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेल्या मॅगी स्टेफन्स आणि मेलिसा सायडमन त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. पण मला दहा या आकड्यापेक्षा त्याच्या आतली एक दरी महत्त्वाची वाटते. पहिलं विजेतेपद 2002 चं, दुसरं थेट 2011 चं. मधल्या काळात 2003, 2005, 2007 आणि 2010 अशा चार अंतिम सामन्यांत स्टॅनफर्ड हरलं आणि चारही वेळा एका गोलाने हरलं. 2005 चा निकाल तर 3-2 होता. आठ हंगाम चषक नाही, तरी विद्यापीठाने माणूस बदलला नाही. 2011 पासूनची नऊ विजेतेपदं त्या धीराची फळं आहेत, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेल्या प्रशिक्षकाला 2003 चा पराभव पचवायला तरी मिळाला असता का?

स्टॅनफर्ड श्रीमंत आहे, त्याचं काय सांगता, असं कुणी म्हणेल. म्हणून आमच्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजबद्दल सांगते. ही सरकारी दोन वर्षांची कॉलेजं, राज्यात अशी 116 आहेत, आणि स्थानिक विद्यार्थ्यांना फी अगदी परवडण्यासारखी असते. इथे मुलींचं वॉटर पोलो पावसाळा संपल्यावर आपल्याकडे दिवाळी असते त्या हंगामात, आणि पोहण्याच्या स्पर्धा वसंतात होतात. बऱ्याच ठिकाणी दोन्ही संघ एकाच व्यक्तीकडे असतात. माझी मुलगी ज्या संघात होती त्याच्या प्रशिक्षक बाई कॉलेजच्या पूर्णवेळ प्राध्यापक. सकाळी त्या पन्नाशीतल्या, पाण्याला घाबरणाऱ्या गावकऱ्यांना पोहायला शिकवत, दुपारी वर्ग घेत आणि संध्याकाळी संघ. तो सराव मी कठड्यावर बसून पाहिलेला आहे. वॉटर पोलोत गोलरक्षक सोडून सहा जणी पाण्यात असतात, तळाला पाय टेकायचा नाही, आणि आठ-आठ मिनिटांचे चार डाव असेच तरंगत खेळायचे. त्यासाठी पाय रवीसारखे उलटसुलट घुसळत ठेवावे लागतात. बाई मुलींना पाण्याने भरलेला कॅन दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला लावत आणि काठाकाठाने चालत एकेकीला टोकत: कंबर वर, कोपर सरळ, हनुवटी बुडाली की पुन्हा पहिल्यापासून. ओठ निळे पडलेल्या मुलीला त्या स्वतःचं जॅकेट द्यायच्या, पण सूट द्यायच्या नाहीत. त्यांच्या हातून एकही ऑलिंपिक खेळाडू घडलेली नाही. त्यांना पगार, विमा, निवृत्तिवेतन सगळं आहे, आणि पुढच्या वर्षी आपण इथेच असू हे त्यांना ठाऊक आहे.

हे सगळं अमेरिकेच्या चांगुलपणातून आलेलं नाही. 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेदभाव करायला बंदी केली, त्यामुळे कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले. पुरुषांचं वॉटर पोलो 1900 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, बायकांना त्यासाठी 2000 चं सिडनी उजाडावं लागलं. त्याच कायद्याचा एक उलटा परिणामही झाला. कायद्याआधी मुलींच्या दहातल्या नऊ संघांना शिकवणाऱ्या बायकाच होत्या. या नोकऱ्यांना पैसा आणि मान आल्यावर पुरुष आले, आणि आज तिथे निम्म्याहून कमी बायका उरल्या आहेत. आपण पदं निर्माण करू तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल, ती जास्त कडू आहे. कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीच्या विद्यापीठात टेरी मॅककीव्हर 1992 पासून महिला जलतरण संघाच्या प्रशिक्षक होत्या. 2009, 2011, 2012 आणि 2015 अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं, नॅटली कॉफ्लिनसारखी बारा ऑलिंपिक पदकांची शिष्या, आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जलतरण संघाचं मुख्य प्रशिक्षकपद मिळवणारी पहिली स्त्री. मे 2022 मध्ये अनेक आजी-माजी जलतरणपटूंनी त्यांच्यावर छळाचे आणि अपमानास्पद वागणुकीचे आरोप केल्याची बातमी आली. विद्यापीठाने त्यांना रजेवर पाठवलं, बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करवली आणि 31 जानेवारी 2023 रोजी कामावरून काढलं. मॅककीव्हर यांनी आरोप आणि निष्कर्ष दोन्ही नाकारले. इतकी वर्षं कुणी ऐकलं कसं नाही, हा प्रश्न मुलींच्या आईबापांनी तेव्हाही विचारला, आणि तो रास्तच होता. यशस्वी प्रशिक्षकाभोवती एक कवच तयार होतं, मग ती स्त्री असो की पुरुष.

त्याच जानेवारीत विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया हे कुस्तीगीर मुलींच्या छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतर मंतरवर बसले होते. मी दोन्ही बातम्या पंधरा दिवसांच्या आत, एकाच टेबलावर वाचल्या. बर्कलीत तक्रारीचा शेवट व्हायला आठ-नऊ महिने लागले, तरी तो एका अहवालात झाला. आपल्या कुस्तीगीर मुलींना रस्त्यावर यावं लागलं, पोलिसांच्या गाडीत कोंबून घ्यावं लागलं. म्हणून मी प्रशिक्षकाला कायमची नोकरी द्या म्हणते तेव्हा त्याच श्वासात, त्याच्या वरिष्ठांपासून स्वतंत्र अशी तक्रारीची जागाही द्या, असं म्हणते. एकाशिवाय दुसरं धोक्याचं आहे.

इथलं सगळं उचलून न्यावं असंही नाही. जून 2025 मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर मोठ्या विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटायची मुभा मिळाली, 2025-26 या पहिल्या वर्षी एकूण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत, आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार हे उघड आहे. पोहणं, वॉटर पोलो अशा खेळांच्या प्रशिक्षकांची झोप उडाली आहे. कॅल पॉली विद्यापीठाने तर मार्च 2025 मध्ये पोहण्याचे संघच बंद केले. खेळाचा खर्च दुसऱ्या खेळाच्या गल्ल्यावर टाकला की असं होतं.

आता आपल्याकडे बघू. वॉटर पोलोत आपण नवशिके नाही. 1951 च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं होतं, 1948 आणि 1952 च्या ऑलिंपिकमध्ये आपला संघ होता. आमच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 ला बीजिंगला गेला आणि 2010 ला आशियाई पदक घेऊन आला, पण घडण्यासाठी त्याला बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे जावं लागलं. नंतर शासनाने त्याला तहसीलदार केलं. नोकरीचा मान मोठाच, पण तिच्यापायी त्याचा सराव तुटला, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. देशातल्या उत्तम जलतरणपटूला देण्यासाठी शासनाकडे महसूल खात्यातली खुर्ची होती, तलावाकाठची नव्हती.

आणि कॉलेजांत? शारीरिक शिक्षण संचालकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात, कामं तासिका तत्त्वावर भागवली जातात. महापालिकेचे तलाव ठेकेदाराकडे, आणि त्याचं गणित उन्हाळी बॅचच्या फीवर. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळावेत म्हणून मुलं येतात, परीक्षा झाली की जातात. या सगळ्यात आमच्या त्या कम्युनिटी कॉलेजच्या बाईंसारखी व्यक्ती उभी राहणार तरी कुठे?

बक्षिसं कमी करा असं मी म्हणत नाही, वाढवाच. पण शिवाजी विद्यापीठासारख्या एखाद्या विद्यापीठाने मुलींच्या पोहण्या-वॉटर पोलोसाठी पूर्णवेळ पद काढावं, शक्यतो खेळून आलेल्या बाईला नेमावं, दहा वर्षं तिला हात लावू नये, आणि तिचं मूल्यमापन पदकांवर न करता किती मुली टिकल्या, किती शिकल्या यावर करावं. भारताने 2036 च्या ऑलिंपिकसाठी यजमानपदाचं इरादापत्र 2024 मध्येच दिलेलं आहे. ते मिळालं तर त्या संघात खेळायच्या वयाच्या मुली आज दहा-बारा वर्षांच्या आहेत. त्यांना शिकवणाऱ्या बाईच्या नेमणुकीची जाहिरात याच वर्षी निघायला हवी.