झिरो ट्रस्ट म्हणजे कर्मचाऱ्यांवर अविश्वास नव्हे
‘ऑफिसात झिरो ट्रस्ट आलं, म्हणजे कंपनीचा आपल्यावर भरवसा उरला नाही’ असा मेसेज फिरतोय. नावामुळे तसं वाटतं खरं, पण ते चूक आहे. झिरो ट्रस्ट ही कंपनीचं कॉम्प्युटर नेटवर्क सुरक्षित ठेवायची पद्धत आहे. 2010 मध्ये फॉरेस्टर या संशोधन कंपनीच्या जॉन किंडरवॅग यांनी ही कल्पना मांडली, ती नेटवर्कवरच्या आंधळ्या विश्वासाविरुद्ध. पूर्वी व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित मार्ग) जोडलं की आतली बहुतेक दारं उघडी, पासवर्ड चोरणाऱ्यालासुद्धा! आता पगाराची फाइल उघडताना माणूस तोच आहे का, लॅपटॉप अपडेट केलाय का, त्याला ही फाइल लागते का, हे तपासलं जातं. साहेबांचंही. ऑफिसात बसलाय एवढ्यावरून कुणाला आत सोडायचं नाही, हेच अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेच्या 2020 च्या दस्तऐवजातही आहे. आणि हो, झिरो ट्रस्ट नावाचा तयार डबा दुकानात मिळत नाही. विक्रेते काहीही म्हणोत.