‘दीड हजार वर्षांत सुमोचा एक नियम बदलला नाही’ हे खरं नाही

कुस्ती गादीवर की मातीत हा वाद पेटला, की कुस्तीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘जपान्यांकडून शिका. दीड हजार वर्षांत त्यांनी सुमोचा एक नियम बदलला नाही. तोच आखाडा, तेच योकोझुना (सर्वोच्च दर्जाचे पैलवान), अखंड राजाश्रय. टीव्हीसाठी ते झुकले नाहीत, परक्याला शिरकाव दिला नाही.’ माती टिकावी असं मलाही मनापासून वाटतं. पण त्यासाठी सुमोचा दाखला देऊ नका. तो तपासला की एकेक वाक्य गळून पडतं.

राजाश्रय आधी घेऊ. क्योतोच्या दरबारात सुमोचा वार्षिक सोहळा व्हायचा, तो ११७४ नंतर बंदच पडला. पुढे १६४८ मध्ये एदोच्या (आजच्या टोकियोच्या) शोगुनशाहीने, म्हणजे लष्करी राजवटीने, रस्त्यावरच्या आणि देवळांसाठी निधी उभारणाऱ्या सुमोवर बंदी घातली. १६८४ मध्ये परवानगी मिळाली, तीही देवळाच्या आवारात आणि अटी घालून.

नियमांचं काय? सुमोची मूळकथा ७२० सालच्या ‘निहोन शोकी’ या जपानी इतिहासग्रंथात आहे. नोमी नो सुकुने लाथा घालून ताइमा नो केहायाच्या बरगड्या मोडतो, कंबर मोडतो आणि त्याचा जीव घेतो. ही आख्यायिका आहे हे मान्य, पण आज छातीवर किंवा पोटात लाथ मारणं सुमोत निषिद्ध आहे.

आखाडा तर सगळ्यात जास्त बदलला. दरबारी सुमोला गोल रिंगणच नव्हतं. भाताच्या पेंढ्याच्या वळकट्या मातीत अर्ध्या पुरून आखलेलं वर्तुळ एदो काळात रुळलं. १९३१ मध्ये त्याचा व्यास ३.९४ मीटरवरून ४.५५ मीटर झाला. दोन पावलांचा फरक वाटतो, पण कडेवर पाय रोवून उभ्या पैलवानाला विचारा. आणि आखाड्यावरच्या छपराचे चार खांब १९५२ मध्ये काढले, कारण मागच्या प्रेक्षकांना कुस्ती दिसत नव्हती. आता छप्पर वरून तारांनी टांगलेलं असतं आणि खांबांच्या जागी हिरवे, तांबडे, पांढरे, काळे गोंडे लोंबतात. पुढच्याच वर्षी टीव्हीवर प्रक्षेपण सुरू झालं.

रेडिओने त्याहून मोठा बदल घडवला. पूर्वी दोघे पैलवान समोरासमोर बसायचे, डोळ्याला डोळा भिडवायचे, उठायचे, मीठ उधळायचे, पुन्हा बसायचे. त्याला वेळेचं बंधन नव्हतं. १९२८ च्या जानेवारीत थेट प्रक्षेपण आलं आणि वरच्या गटासाठी दहा मिनिटांची मर्यादा ठरली. आज ती चार मिनिटं आहे. पैलवान ज्यांच्यामागून झेप घेतात त्या मैदानातल्या दोन पांढऱ्या रेघाही त्याच वेळच्या.

योकोझुना हा मान १७८९ मध्ये तानिकाझे आणि ओनोगावा यांच्यापासून रीतसर मिळू लागला. मानांकनाच्या तक्त्यावर हा शब्द १८९० मध्ये आला आणि अधिकृत दर्जा १९०९ मध्ये झाला. तोवर ओझेकी हेच सर्वोच्च पद होतं.

परक्यांबद्दल फार बोलायची गरजच नाही. हवाईच्या ताकामियामाने १९७२ मध्ये स्पर्धा जिंकली, हवाईचाच आकेबोनो १९९३ मध्ये योकोझुना झाला आणि ४५ अजिंक्यपदांचा विक्रम मंगोलियात जन्मलेल्या हाकुहोचा आहे.

शड्डूसारखा पाय उंच उचलून आदळणं, मीठ, कंबरेचा पट्टा यांना जुनी मुळं आहेत, ते मी नाकारत नाही.

पण १९६९ चा मार्च आठवा. ओसाकात योकोझुना ताइहो सलग ४५ कुस्त्या जिंकून उभा होता. तोदाविरुद्ध मुख्य पंचाने कौल त्यालाच दिला. बाजूच्या पंचांनी मसलत करून तो फिरवला. फोटोत मात्र तोदाचाच पाय आधी बाहेर पडलेला स्पष्ट दिसत होता. ताइहोची विजयमालिका त्या चुकीने तुटली. मेच्या स्पर्धेपासून पंचांच्या मदतीला व्हिडिओ आला.