प्लीज डू द नीडफुल

चौदा वर्षं मी इंग्रजीवर पोट भरतोय. नरिमन पॉइंटला एका विमा कंपनीत क्लेम नाकारायची पत्रं लिहितो. वाचणाऱ्याला वाईट तर वाटलं पाहिजे, पण कोर्टात जायला जागा सापडता कामा नये, अशा बेताचं इंग्रजी. कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीचा, अर्ज भरायला बसलो, तर पहिल्या फटक्यात प्रश्न: तुम्हाला इंग्रजी येतं कशावरून?

"मनाला लावून घेऊ नका," कन्सल्टंट म्हणाला. "लंडनमध्ये जन्मलेल्यालाही हीच परीक्षा द्यावी लागते."

लालबागमध्ये जन्मलेल्याला याने किती दिलासा मिळावा?

बाबांना ही गोष्ट फारच लागली. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस. "साहेबाचं सही-शिक्क्याचं पत्र चालणार नाही का?" नाही चालत. परीक्षाच द्यायची. मी इंग्रजीची आयेल्ट्स निवडली, तीही जनरल ट्रेनिंगवाली, आणि निकाल दोनच वर्षं टिकतो. "म्हणजे दोन वर्षांनी येत असलेलं इंग्रजी विसरतं माणूस?" बाबांनी विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यात एक्स्प्रेस एन्ट्रीचा, म्हणजे पीआरसाठी माणसं निवडायच्या कॅनडाच्या पद्धतीचा, हिशेब १२०० गुणांचा. नवरा-बायको मिळून अर्ज केला, तर तिशी लागल्यापासून अर्जदाराचे दर वाढदिवसाला पाच गुण कमी होतात. मी छत्तीसचा. केकच्या आधी मीच कापला जातो. आयेल्ट्सच्या प्रत्येक भागात सहा मिळाले तरी अर्ज भरता येतो, पण वयाचं भगदाड बुजवायचं तर ऐकण्यात आठ आणि वाचणं, लिहिणं, बोलणं यांत सात-सात हवेत, नवापैकी. दहावीनंतर आईने पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज कमी केला.

ऐकण्याची मला भीती नव्हती. रेकॉर्डिंग एकदाच लावतात, चाळीस प्रश्न. पण गर्दीच्या वेळी दादरला उभं राहून, कुठली गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येतेय हे ज्याला भोंग्यातून कळतं, त्याला हेडफोन म्हणजे चैन. वाचनात एक प्रकार मात्र छळतो. उताऱ्यावरून विधान ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन ते सांगायचं. हे नॉट गिव्हन अंगात इतकं भिनलं की सोसायटीच्या सेक्रेटरींना उद्या पाणी येणार का विचारलं, ते "बघू" म्हणाले आणि मी मनातल्या मनात तिसऱ्या खणात टिक केली.

बोलण्याची तयारी आईसमोर. एक कार्ड मिळतं, एक मिनिट विचार करायचा आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एकट्याने दोन मिनिटं आजवर फक्त कुकर बोललाय. कार्ड होतं, लक्षात राहिलेला प्रवास. मी सुरू केलं, "आय वुड लाइक टू टॉक अबाउट अ ट्रिप टू गणपतीपुळे..."

"पिशवी सांग," आई म्हणाली. तिला इंग्रजी येत नाही, पण गणपतीपुळे समजतं.

"आई, मध्ये बोलायचं नसतं."

"अरे पण पिशवी एसटीत राहिली होती ना! तुझ्या मावशीची पैठणी होती तिच्यात. ते सोडून काय समुद्र सांगतोयस?"

बरोबर होतं तिचं. परीक्षेच्या दिवशी तेच कार्ड आलं नाही, पण परीक्षक बाई शांतपणे ऐकत राहिल्या, "अय्या" नाही, "मग?" नाही, आणि मी दीड मिनिटात आटपलो. कोणी मध्ये तोडलंच नाही तर माणूस पुढे बोलणार कसा?

खरा घोळ लिहिण्यात झाला. एक पत्र, दीडशे शब्द; एक निबंध, अडीचशे; दोन्हीला मिळून एक तास. पत्राची शिकवणी बाबांनी घेतली होती. रोज रात्री जेवणानंतर पाठकोऱ्या कागदावर एक पत्र लिहायचो, ते लाल पेनाने तपासायचे. "सुरुवात विथ रेफरन्स टू द अबव्हने कर. शेवटी थँकिंग यू इन अँटिसिपेशन. मधलं कोणी वाचत नाही."

सेंटरवर घड्याळ काढून घेतलं, आधार कार्ड दाखवलं तर "ओन्ली पासपोर्ट" म्हणाले, बाटलीचं लेबल मला नखाने सोलायला लावलं. एवढं सगळं करून बसलो आणि प्रश्न वाचला. परगावच्या मित्राकडे राहून आलात, एक वस्तू तिथे विसरलात, त्याला पत्र लिहा. मित्राला! आपण मित्राला पत्र लिहितो का? फोन करतो, "अरे ए, माझा चार्जर बघ तिथे." पण बोटांना चौदा वर्षांची सवय आणि वर बाबांची शिकवणी. मी टाइप केलं, "डिअर टॉम, विथ रेफरन्स टू माय स्टे ॲट युवर रेसिडन्स, इट इज रिग्रेटेड दॅट वन चार्जर..." लिहिताना झकास वाटत होतं. शेवटी "प्लीज डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट" टाकलं आणि टॉमचा क्लेम बंद केल्यासारखा हात झटकला.

निकाल आला. ऐकणं साडेआठ, वाचणं साडेसात, बोलणं सात. लिहिणं साडेसहा.

अर्धा गुण. आईने "दृष्ट लागली" म्हणून विषय संपवला. बायकोची परीक्षा पुढच्या महिन्यात होती, ती काही बोलली नाही, पण त्या रात्रीपासून बाबांची शिकवणी तिने नम्रपणे बंद केली.

बाबांनी निकाल दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. "साडेसहा? हे टॉमला विचारून दिले का?" मी सांगितलं, फी भरून फेरतपासणी मागता येते. ते उठले, कपाटातून फुलस्केप काढला, मार्जिन आखली आणि अर्ध्या तासात माझ्या नावाने अर्ज लिहून पुढ्यात ठेवला. "रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह, आय बेग टू स्टेट..."

मी बारकाईने वाचला. एक स्वल्पविराम सोडला तर बदलण्यासारखं त्यात मला काही सापडलं नाही.